डोंगर न्याहाळायला हलका ट्रायपॉड : कुठला घ्यावा, कसा लावावा?

वाळपईकर

नमस्कार मंडळी. पक्षी-प्राणी बघण्याचा नाद जुना आहे, दुर्बीण १०×४२ ची (दहा पट, पुढची काच ४२ मिमीची) आहे. आतापर्यंत जंगलात झाडाखाली उभं राहून मान मोडून घेतली. आता गोव्यातल्या चोर्ला घाटात किंवा सुर्लच्या बाजूला सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या पठाराच्या) कडेवर बसून समोरचा अख्खा उतार निवांत बघायचा विचार आहे. गवे उन्हं कलल्यावर उघड्यावर येतात, सकाळी ऊन तापलं की सर्पगरुड, मोरघार घिरट्या घालू लागतात, धनेश दरी ओलांडताना चक्क वरून दिसतात. अडचण एवढीच की दहा पट दुर्बीण थोडा वेळ डोळ्यांना धरली की हात भरून येतात, आणि पलीकडे दिसतंय ते गवा की काळा दगड, काही ठरत नाही.

माझा मावसभाऊ कोलोराडोला असतो. तिकडे परवाना काढून एल्कची, म्हणजे मोठ्या हरणाची, शिकार करतात. हा बंदूक हातात धरत नाही, पण मित्रांबरोबर डोंगरात जातो. त्याचं म्हणणं, ती मंडळी चालतात कमी आणि बसतात जास्त. पहाटेच धारेवर जाऊन दुर्बीण ट्रायपॉडवर लावायची आणि दोन-दोन तास समोरचा डोंगर चाळायचा. पाठीवर चार-पाच दिवसांचं सामान असल्यामुळे ट्रायपॉड दीड किलोच्या आतलाच नेतात. मला म्हणाला, "उंच घेऊ नकोस, बसून बघ."

माझ्याकडे घरात एक व्हिडिओचा जुना ट्रायपॉड पडला आहे, साडेतीन किलोचा. तो सड्यावर न्यायला स्वतंत्र माणूस लागेल. बजेट दहा हजार, थोडं पुढेमागे. वाहन स्कूटर. पुढेमागे ६५ मिमीचा स्पॉटिंग स्कोपही (एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीण) घ्यायचा आहे. काय बघून घ्यावं?

मांडवीकाठ

शिकाऱ्यांकडून शिकायचं? आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात, गोळावलीला, चार वाघ विष घालून मारले गेले. त्या तालुक्यातला माणूस "शिकारी असं करतात, शिकारी तसं करतात" लिहितो तेव्हा कपाळावर आठी येतेच.

वाळपईकर

मांडवीकाठ, आठी मान्य. शिकार करायची नाही, करूही देणार नाही. बसायचं कसं तेवढंच त्यांच्याकडून घेतोय.

सड्यावरचा

मांडवीकाठ, बंदूक वजा केली तर ते लोक आणि आपण एकच काम करतो : लांबवरचा, झाडोऱ्यात मिसळून गेलेला प्राणी, त्याला आपली चाहूल लागायच्या आत शोधायचा. ॲरिझोनात कूझ नावाचं एक लहानखुरं, राखाडी हरीण आहे. ते उघड्याबोडक्या डोंगरावरही दिसत नाही म्हणून तिथले लोक १५×५६ च्या जाड्या दुर्बिणी ट्रायपॉडवर लावून तासन्‌तास बसतात. त्यातलं कौशल्य नजरेचं आहे, ते घ्यायला काय हरकत?

वाळपईकर, तुमच्या भावाचा सल्ला लाखमोलाचा आहे. उंची हाच वजनाचा खरा मालक. उभ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचणारा आणि तरीही न थरथरणारा ट्रायपॉड दीड किलोत आणि तुमच्या बजेटात बसवणं महाकठीण. बसून बघायचं ठरवलंत की तोच दीड किलो एकदम भक्कम होतो, कारण बारीक नळ्या उघडाव्याच लागत नाहीत.

आधी घरी एक करा. जमिनीवर मांडी घालून बसा, पाठ भिंतीला, आणि कोणाला तरी जमिनीपासून तुमच्या डोळ्यापर्यंत टेप लावायला सांगा. बहुतेकांचं हे माप पाऊण मीटरच्या आसपास येतं. त्यातून हेडची (पायांवर बसणाऱ्या, दुर्बीण वळवणाऱ्या भागाची) उंची आणि दुर्बीण बसवायच्या अडॅप्टरची उंची वजा करा. उरेल तेवढी तुम्हाला पायांची उंची हवी, मधला दांडा न उचलता. दुकानात गेलात की विक्रेता "साहेब, एकशेसाठ सेंटिमीटर!" म्हणून सुरू होईल. त्यातले शेवटचे तीसेक सेंटिमीटर मधल्या दांड्याचे असतात. दांडा वर काढला की तीन पायांवर उभं केलेलं यंत्र एका पायावर येतं. मधला दांडाच नसलेला किंवा अगदी आखूड दांड्याचा ट्रायपॉड मिळाला तर डोळे झाकून तो घ्या. लांब दांड्यामुळे दुसरी अडचण अशी की पाय कितीही फाकवले तरी दांड्याचं टोक खाली जमिनीला टेकतं आणि ट्रायपॉड आणखी खाली जात नाही.

डब्यावर छापलेल्या "भारक्षमता ८ किलो" वगैरेला फार किंमत देऊ नका. आपलं सामान दोन किलोच्या वर जात नाही. भार घेऊन ट्रायपॉड कोसळत नाही हो, तो पिळतो. दुकानात पाय पूर्ण उघडायला लावा, वर तळहात ठेवा आणि बरणीचं झाकण फिरवतो तसा हलका पीळ द्या. सोडल्यावर लगेच जागेवर आला तर ठीक. डुलत राहिला तर नमस्कार करून बाहेर पडा.

पायांच्या नळ्या तीन टप्प्यांच्या की चार? चार टप्प्यांचा मिटवल्यावर आखूड होतो, स्कूटरवाल्याला सोयीचा. पण चौथी नळी बोटाएवढी असते. तुम्ही बसूनच वापरणार आहात, तेव्हा चार टप्प्यांचा घ्या आणि वरच्या जाड नळ्या आधी उघडा. लोक सवयीने खालची बारीक नळी आधी ओढतात, का ते देव जाणे.

कार्बन फायबर की ॲल्युमिनियम? त्याच आकारात कार्बन साधारण पाव ते तिसरा हिस्सा हलका पडतो आणि कंप लवकर जिरवतो. दहा हजारांत नवा चांगला कार्बन मिळाला तर उत्तमच. नाहीतर चांगला ॲल्युमिनियम घ्या, हलक्या दर्जाच्या कार्बनपेक्षा बरा. उरलेले पैसे हेडवर घाला.

हेडबद्दल रात्री लिहितो, आता ऑफिसात आहे.

फोकसपुरता

हेडबद्दल मी लिहितो तोवर. बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे वळणारं) घ्या. वजन अडीचशे-तीनशे ग्रॅम, एक खटका, कुठेही वळवा. फोटोवाले सगळे तेच वापरतात. पॅन हेडचा दांडा सॅकमधून बाहेर येऊन काट्याकुट्यात अडकतो.

सड्यावरचा

फोकसपुरता, फोटोत आपण चौकट ठरवतो आणि खटका आवळतो. न्याहाळताना चौकट सतत सरकत असते. बॉल सैल केला की दुर्बीण एकदम पुढे मान टाकते, आवळला की काहीच हलत नाही. आणि बॉलला आडवं-उभं असं वेगळं कळत नाही, त्यामुळे क्षितिज तिरपं होत जातं. पाऊण तासाने डोकं जड होतं ते त्यामुळे.

छोटं फ्लुइड पॅन हेड घ्यावं, पक्षीनिरीक्षणाच्या स्कोपसाठी बनवलेलं. पाचशे ग्रॅमच्या आसपासची मिळतात. आडवी हालचाल वेगळी, उभी वेगळी, आणि दोन्हीला आतल्या दाट वंगणामुळे हवा तेवढा जडपणा. नीट समतोल साधला तर खटका न आवळताही दुर्बीण जिथे सोडली तिथे राहते. प्लेट (दुर्बिणीखाली लावून हेडवर अडकवायची पट्टी) पुढेमागे सरकवून हा समतोल साधतात : खटके सैल करा, हात हळूच काढा. नाक खाली गेलं तर प्लेट मागे घ्या, वर गेलं तर पुढे.

आधीच बॉल हेड असेल तर फेकू नका. बॉल सरळ करून कायमचा आवळा आणि फक्त तळाची फिरकी सैल ठेवा. आडव्या ओळी तरी सरळ निघतील.

प्लेट आर्का-स्विस या प्रचलित मापाची असलेलं हेड बघा. मॅनफ्रोटोची नेहमीची चौकोनी प्लेट वेगळ्या मापाची असते, दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. दुर्बीण आणि स्कोप दोन्हीला एकाच मापाच्या प्लेटा लावून ठेवल्या की डोंगरावर स्क्रू फिरवत बसावं लागत नाही.

वाळपईकर

सड्यावरचा, फारच उपयोगी. दुर्बीण ट्रायपॉडला लागते कशी पण? माझ्या दुर्बिणीला खाली भोक वगैरे काही दिसत नाही.

सड्यावरचा

पुढून बघा. दोन नळ्यांच्या मधल्या बिजागरीच्या टोकाला, वस्तूकडच्या बाजूला, गोल झाकण असतं. त्यावर बहुधा कंपनीचं चिन्ह असतं म्हणून ते शोभेचं वाटतं. ते नखाने किंवा रबरी हातमोज्याने उलटं फिरवा. आत पितळी किंवा स्टीलचे आटे दिसले की झालं, १/४ इंची आटे आहेत, कॅमेऱ्याला असतात तेच. त्यात इंग्रजी एल आकाराचा अडॅप्टर बसतो. धातूचाच घ्या, प्लॅस्टिकचा दुर्बिणीच्या वजनाने लवतो आणि मग सगळा खर्च पाण्यात.

काही दुर्बिणींना हे आटे नसतात. त्यांच्यासाठी खालून आधार देऊन पट्ट्याने बांधायचे पाळणे मिळतात. ते झाकण मात्र डब्यात जपून ठेवा, गवतात पडलं की गेलं.

करमळीची अडई

वाचनखूण साठवली. पण सगळ्यांनी बसायचंच ठरवलंय का? माझं निम्मं बघणं पाणथळीवर चालतं. करमळीच्या तळ्यावर बांधावर बसलं तर समोर गवतच दिसतं. हिवाळ्यात अडया, काणूक बदकं, तलवार बदकं सगळी मधोमध बसलेली असतात, उभं राहिल्याशिवाय नजर पोचत नाही. तिथे माझा दोन किलोचा जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉडच बरा. करमळी स्टेशन तळ्याला लागूनच आहे, उतरून किती चालायचं असतं? वजनाचं कौतुक डोंगरवाल्यांना.

स्कोप घेणार असाल तर वाकड्या नेत्रिकेचा (डोळा लावायचं टोक वर वळलेला) घ्या. सरळ स्कोपला ट्रायपॉड डोळ्याइतका उंच करावा लागतो, वाकड्याला खाली वाकून बघता येतं, म्हणजे दहा-वीस सेंटिमीटर उंची वाचते. शिवाय माझी मुलगी आणि मी एकाच स्कोपमधून बघतो, ट्रायपॉड खालीवर करावा लागत नाही.

चोडणला सलीम अली अभयारण्यात मचाणावर जाणाऱ्यांसाठी एक. लाकडी फळ्यांवर ट्रायपॉड कितीही महागाचा असो, कोणी पाऊल टाकलं की चित्र नाचतं. तिथे मी ट्रायपॉड उभाच करत नाही. पाय मिटवून एकपायी काठी करते आणि कठड्याला टेकवते. रायबंदरची फेरी पहिली धरली तर गर्दीही नसते.

खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) बांध सोडून चिखलात पाय रोवायचे असतील तर टोकदार खिळे निरुपयोगी. पाय चिखलात चालत राहतात आणि तुम्हाला वाटतं पक्षी हलतोय. रबरी बुटांखाली मी प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं ठेवते. हसू नका.

मांडवीकाठ

हसलो नाही, झाकणं शोधायला उठलो.

मोरजीला शापोऱ्याच्या मुखाशी कुरव आणि सुरय बसतात तिथे काय करता? माझ्या ट्रायपॉडचे खटके वाळूने करकरतात.

करमळीची अडई

तिथे खालची नळी थोडी तरी उघडूनच लावायची. उलट वाटतंय ना? पण सगळं मिटवून वाळूत रोवलं तर वाळू थेट खटक्यात जाते. खालची नळी वीतभर बाहेर असली तर खटका वाळूच्या वर राहतो. घरी आल्यावर नळ्या आत ढकलायच्या आधी गोड्या पाण्याखाली धुवायच्या, उघड्याच सुकवायच्या. कार्बन गंजत नाही हे खरं, पण खटके आणि स्क्रू धातूचेच असतात, त्यांना खारं पाणी सोडत नाही. पिळाचे खटके असतील तर ते पूर्ण उघडून आतली प्लॅस्टिकची चकती पुसता येते, युट्यूबवर बघा. त्या चकत्या कुठल्या क्रमाने होत्या त्याचा फोटो आधी काढा.

आणि मोरजीला कासवांसाठी राखलेल्या पट्ट्यात शिरू नका, ट्रायपॉड असो की नसो.

पुणेरी पाहुणा

डिसेंबरात तांबडी सुर्लाला येतोय. मंदिराच्या आवारात पक्षी भरपूर असतात असं ऐकलं. तिथे ट्रायपॉड चालतो का?

मोलेंचो

पाहुणेबाब, महादेवाचं मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. संरक्षित वास्तूच्या आवारात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, राखणदार हटकणारच. नाहीतरी आत लावायची गरज काय? बाहेर रस्त्यावर आणि ओढ्याच्या पुलाजवळ जास्त पक्षी दिसतात. दाट झाडीत ट्रायपॉडचा उपयोगही कमी, पक्षी तुम्ही पाय उघडेपर्यंत थांबत नाही. तिथे ८×४२ हातात धरावी. आपला राज्यपक्षी, पिवळ्या अंगाचा लाल गळ्याचा बुलबुल, त्या पट्ट्यात दिसतो.

भगवान महावीर अभयारण्य, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव कुठेही जा, आधी वनखात्याच्या नाक्यावर सांगून, पावती फाडून जा. उगाच आडवाटेने ट्रायपॉड खांद्यावर टाकून निघालात तर लांबून तो काय दिसतो ते स्वतःच आरशात बघा. पिशवीत घालून न्या.

पुणेरी पाहुणा

हे लक्षात आलंच नव्हतं. धन्यवाद.

मोलेंचो

आणखी एक, दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे. त्या बाजूच्या पठारांवर स्कोप लावून बसू नका. "मी टिटवी बघत होतो" हे सांगता सांगता दुपार जाईल.

जुनं हाड

माझ्यासारख्या गुडघेवाल्यांचं काय? मांडी घालून बसलो तर उठवायला दोघे लागतात.

सड्यावरचा

काका, घडीचं तीन पायांचं स्टूल घ्या, पाऊण-एक किलोत मिळतं. मग माप मात्र स्टुलावर बसूनच घ्यायचं. उंची तीसेक सेंटिमीटरनी वाढेल, पायांचा आणखी एक टप्पा उघडावा लागेल, त्यापलीकडे काही बिघडत नाही. पाठीला चिऱ्यांचा गडगा (बुटकी भिंत) किंवा झाडाचं खोड मिळेल अशी जागा शोधा. पाठ टेकलेली असली की तुमचं शरीर हलत नाही, शरीर हललं नाही की डोळा नेत्रिकेवरून सरकत नाही. ट्रायपॉडइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

चिऱ्याची भिंत

एवढा खर्च कशाला? जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो तांदूळ भरा, गडग्यावर ठेवा, वर दुर्बीण. मोटारीच्या खिडकीवरही चालते.

फोकसपुरता

चालते की. गडगा बघायच्या दिशेला तोंड करून बांधलेला असेल तर.

वाळपईकर

मंडळी, प्रगती कळवतो. ॲल्युमिनियमचे चार टप्प्यांचे पाय, आखूड दांडा, छोटं पॅन हेड आणि धातूचा अडॅप्टर घेतला. हेडसकट पावणेदोन किलो. माझं बसलेलं माप ७४ सेंटिमीटर आलं, वरच्या जाड नळ्यांवरच काम भागतं. मिटवून ॲक्टिव्हाच्या पायापाशी आडवा बसतो, थोडा बाहेर येतो एवढंच.

रविवारी चोर्ल्याला गेलो. दरीच्या कडेला पलीकडच्या उतारावर, कारवीच्या खाली, एक काळपट दगड हातातल्या दुर्बिणीतूनही दिसत होता. तीच दुर्बीण ट्रायपॉडवर लावली. काही वेळ तो दगडच होता. मग दगडाने कान झटकला. त्यानंतर त्याच्या मागचा दुसरा दगड, आणि खाली सावलीत पांढऱ्या मोज्यांचे चार पाय. बायको शेजारी होती, ती म्हणाली, "इतकी वर्षं आपण यांच्या समोरून परत जात होतो की काय?"

आता अडचणी. उतारावर ट्रायपॉड पुढे दरीकडे कलतो. दुसरं, वारा सुटला की कापतो. तिसरं, साडेनऊनंतर सगळं पाण्यात बुडाल्यासारखं लवलवतं. दुर्बीण खराब आहे का?

सड्यावरचा

कान झटकला, वा! यासाठीच.

दुर्बीण ठणठणीत आहे. सडा तापला की हवेचे थर उकळतात, त्याला इलाज नाही. जांभा लवकर तापतो आणि तुम्ही त्याच्यावरून आडवं बघता, म्हणून सड्यावर हा त्रास जास्त. जितकं वर्धन जास्त तितकी लवलव मोठी दिसते. म्हणून स्कोप घेतलात तरी ६० पटीची हौस दुपारी करू नका, २०-३० वर ठेवा. उजेडाचंही तसंच. ६५ मिमीचा स्कोप २० पटीला डोळ्यात सव्वातीन मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ सोडतो, ६० पटीला जेमतेम एक मिलिमीटर. संध्याकाळी गवे बाहेर येतात त्या वेळी चित्र काळवंडतं ते याच हिशोबाने. तुमची १०×४२ तेव्हा ४.२ मिलिमीटर देते, म्हणून तिन्हीसांजेला स्कोपपेक्षा ट्रायपॉडवरची साधी दुर्बीणच जास्त उजळ दाखवते.

उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक पाय वर, म्हणजे तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. वरचा पाय आखूड करा किंवा जास्त फाकवा, मधला दांडा ओळंब्यात दिसेपर्यंत. हेडवर पाण्याचा बुडबुडा असेल तर तो मध्ये आणा. एकदा पायथा सपाट झाला की आडवी फिरकी खरोखर आडवी फिरते.

वाऱ्यात मधल्या हुकाला सॅक अडकवा, पण लोंबकळत ठेवू नका. लोंबणारी सॅक वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडला झुलवते. दोरी अशी मापात ठेवा की सॅक निम्मी जमिनीला टेकेल. दुर्बिणीचा गळ्यातला पट्टाही काढून ठेवा, तो फडफडतो त्याचा कंप थेट काचेत दिसतो. आणि ट्रायपॉडला हात लावून बघू नका. दांड्यावर दोन बोटं, बस्स.

बघायची पद्धत आता. आधी नुसत्या डोळ्यांनी सगळा उतार बघा, हलणारं काही असेल तर ते तेव्हाच कळतं. मग दुर्बिणीने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करा. चौकट थांबवा, तिच्यात नजर फिरवा, कडा बघा, सावल्या बघा, आणि मगच पुढची चौकट, आधीच्या चौकटीवर थोडी चढलेली. दुर्बीण फिरत असताना डोळ्याला काही सापडत नाही, थांबलेली असताना सापडतं. अख्खा गवा शोधू नका. आडवी पाठ, पांढरा मोजा, कान, शिंगाची चकाकी असे तुकडे शोधा. ओळ संपली की एक पायरी खाली, उजवीकडून डावीकडे. आणि एकदा संपवलेला उतार अर्ध्या तासाने पुन्हा बघा. प्राणी झाडाआडून निघालेला असतो, तुम्हाला वाटतं मघाशी नव्हता.

मांडवीकाठ

हे वाचून माझी आठी गेली. सड्यावरचा, हे वेगळ्या धाग्यात टाका ना.

अवांतर : जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि आसपासचा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून तीन महिन्यांत अधिसूचित करा असा आदेश दिला होता. असे कडेवर बसून नोंदी ठेवणारे चार लोक वाढले तर तिकडे काय फिरतंय हे सांगायला उपयोग होईल.

संपादक

व्याघ्र प्रकल्पावर स्वतंत्र धागा आहे, ती चर्चा कृपया तिकडे. इथे पाय, हेड आणि खटके एवढंच राहू दे.

मोलेंचो

संपादकबाब, एक ओळ लिहू द्या. नोंदी ठेवा, पण गवे नेमके कुठे आणि किती वाजता आले ते नकाशासकट उघड्यावर टाकू नका. सगळेच दुर्बीण घेऊन येत नाहीत.

वाळपईकर

पटलं. म्हणूनच मी वर जागा मोघम लिहिली आहे.

सड्यावरचा, सॅक टेकवून बघितली, कंप बराच गेला. पट्ट्याचं तर लक्षातच आलं नसतं. पावसाळ्यात सामान कसं ठेवता तेही सांगा, माझ्या आधीच्या दुर्बिणीला बुरशी धरली होती.

करमळीची अडई

कातडी केसमध्ये अजिबात नको, कातडं ओल धरून ठेवतं. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत टाकायचं. फिरून आल्यावर लगेच डब्यात घालू नका, आधी पंख्याखाली सुकू द्या. ट्रायपॉडला बुरशीची भीती नाही, पण फोमच्या मुठींना वास येतो.

जुनं हाड

स्टूल घेतलं, गडगाही सापडला. आता ट्रायपॉडच्या एका पायाचं रबरी बूट सड्यावर कुठेतरी निघून पडलं. जांभ्यावर उघडी नळी घसरते आणि खरखर आवाज करते. दुकानदार म्हणतो सुटं बूट मिळत नाही, नवा ट्रायपॉड घ्या!

चिऱ्याची भिंत

काका, औषधांच्या दुकानात जा. कुबडीच्या आणि काठीच्या टोकाला लावायचे रबरी बूट वेगवेगळ्या मापांत मिळतात. नळीचा बाहेरचा व्यास मोजून न्या, किंवा ट्रायपॉडच घेऊन जा. थोडा घट्टच घ्या, साबणाचं पाणी लावून चढवा, आतून सुकलं की निघत नाही. तीनही पायांना एकच माप लावा, नाहीतर उंची कमीजास्त होते. फोंड्यात बसस्टँडजवळच्या दुकानांत मी बघितले आहेत.

जुनं हाड

आजच जातो. गुडघ्याचं मलमही आणायचंच आहे.